सगळ्या मुलांची पुस्तकं वर्गात कशी वापरायची: पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी

वेगवेगळ्या घरांतली, भाषांमधली, शरीरांची मुलं ज्यांत आहेत अशी गोष्टीची पुस्तकं आता शाळांत बऱ्यापैकी पोहोचली आहेत. मुंबईत तर कोणी ना कोणी खोकं आणून देतंच: संस्था, दाते, माजी विद्यार्थी. तरी वर्गात जे घडतं ते साधारण असं असतं. ३ डिसेंबरला दिव्यांग दिन म्हणून व्हीलचेअरवरच्या मुलाची गोष्ट वाचली जाते. शेवटी बाई विचारतात, "मग काय शिकलात?" वर्ग एका सुरात म्हणतो, "सगळ्यांना मदत करावीऽऽ." पुस्तक कपाटात जातं, किल्ली ऑफिसात. आणि मागच्या बाकावर पाय ओढत चालणारं एखादं मूल असेल, तर त्या पंधरा मिनिटांत सगळा वर्ग वळून वळून त्याच्याकडे बघत असतो.

अशा वेळी पुस्तक बहुतेकदा चांगलंच असतं, फक्त ते तयारीशिवाय आणि उलट्या क्रमाने वापरलेलं असतं. खालचा क्रम पाळला तर महिनाभरात वर्गातला फरक जाणवू लागतो. पायऱ्या गाळू नका, विशेषतः पहिल्या दोन. नेमक्या त्याच गाळल्या जातात.

## १. पुस्तकांआधी वर्ग बघा

एक साधी वही घ्या आणि आठवडाभर फक्त ऐका. मूल घरी आजीशी कोणत्या भाषेत बोलतं? मोठी माणसं काय काम करतात? मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर डबा खातं, कोणाच्या शेजारी कोणी बसत नाही? फळ्याकडे बघताना डोळे कोण बारीक करतं? हाक मारल्यावर दुसऱ्या-तिसऱ्यांदा कोण वळतं?

मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या एका वर्गात मालवणी, आगरी, कोळी, वडारी, भोजपुरी, तेलुगू, दखनी असं काहीही एकत्र असू शकतं, आणि हजेरीपटावर त्यातलं काहीच दिसत नाही. आरेच्या पाड्यांतलं वारली मूल वर्गात मराठीच बोलतं, म्हणून घरीही तेच बोलत असेल असं धरून चालू नका.

सावध: फॉर्म भरून घेऊ नका. जनरल रजिस्टरमधला जातीचा रकाना यासाठी उघडूही नका. तुम्हाला मुलाचं रोजचं जग कळायला हवं, त्याचा प्रवर्ग नव्हे.

याच आठवड्यात स्वतःच्या तोंडची वाक्यंही टिपा. "शिष्यवृत्तीची मुलं उभी राहा." "आरटीईवाले इकडे या." "अरे, आंधळा आहेस का?" "मुलींनो, वर्ग झाडून घ्या." ज्या वर्गात सकाळी नऊला हे ऐकू येतं, तिथे अकरा वाजता समतेची गोष्ट वाचून काही होत नाही. मुलं दोन्ही ऐकतात, आणि खरं कोणतं ते त्यांना बरोबर कळतं. शिष्यवृत्तीचे कागद मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून मागता येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. व्यंगावरून हाक मारणं त्याच खात्यात जातं, मग ती कितीही लाडाने मारलेली असो.

## २. कपाटात आहे ते मोजा

नवीन काही मागवण्याआधी असलेली पुस्तकं खाली काढा. कागदावर रकाने आखा: मुख्य पात्र कोण, नाव काय, घर कसलं, आई काय करताना दिसते, बाबा काय करताना दिसतात, अडचण कोण सोडवतं. प्रत्येक पुस्तकाला एक ओळ. दोन शिक्षक बसले तर एका दुपारी पन्नासेक पुस्तकं सहज होतात.

चित्र बहुधा ठरलेलं निघतं. घराला उतरतं कौलारू छप्पर आणि पुढे अंगण. आई ओट्याशी, बाबा पेपर वाचताना. नायक मुलगा किंवा ससा. चाळ, झोपडपट्टी पुनर्वसनातली (एसआरए) इमारत, पत्र्याची खोली, होडी, फुटपाथ असलं काही क्वचित. मुसलमान पात्र असलंच तर ईदच्या दिवशी, आदिवासी असलंच तर नाचताना. हा कागद जपून ठेवा. पुढे मुख्याध्यापकांशी बोलताना त्याच्याइतकं कामाला येणारं दुसरं काही नाही.

तपासा: पहिल्या पायरीची वही आणि हा कागद शेजारी ठेवा. तुमच्या वर्गात आहे आणि कपाटात नाही असं काय, ते पाच ओळींत लिहा. पुढची निवड या पाच ओळींवर करायची आहे.

## ३. निवड: बारा ते पंधरा पुस्तकं पुरेत

चाळीसच्या वर्गाला सुरुवातीला एवढी पुरतात. शंभर आणलीत तर तुमचीच वाचून होणार नाहीत, आणि स्वतः न वाचलेलं पुस्तक वर्गात न्यायचं नाही हा एकमेव नियम मी कडक मानतो.

कुठून आणायची? 'प्रथम बुक्स' प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत पुष्कळ चित्रपुस्तकं फुकट आहेत, चार वाचन-पातळ्यांत लावलेली. लेखक, चित्रकार आणि अनुवादकाची नावं तशीच ठेवून ती छापून वापरता येतात. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, चेन्नईचं तुलिका यांची मराठी चित्रपुस्तकंही बघा. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. तिसरी-चौथीला त्यातल्या गोष्टी चालतात. शक्य असेल तर दादरच्या एखाद्या दुकानात उभं राहून चाळून घ्या. मुखपृष्ठावर पंख्याखाली अभ्यास करणारी हसरी मुलगी आहे म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही.

चाळताना एवढं विचारा:

दिव्यांग मूल गोष्टीत कशासाठी आहे? त्याचं दिव्यांगपण काढून टाकलं तर गोष्ट उरते का? कुबडीवाली मुलगी पतंग उडवते, भांडते, खोटं बोलते, पकडली जाते. ही गोष्ट आहे. कुबडीवाली मुलगी सगळ्यांना जिद्द शिकवते, हे भाषण आहे.

गरीब मुलाची अडचण कोण सोडवतं? दर वेळी गाडीतून उतरणारं कोणीतरी सोडवत असेल तर पुस्तक ठेवून द्या.

चित्रांत वाईट माणूस काळाच का? झोपडीतल्या मुलाचे केस विस्कटलेलेच का?

आणि भाषा. मोठ्याने वाचून बघा. अनुवादात हिंदीची चाल उरली असेल, तर चौथ्या पानावर तुमचीच जीभ अडखळेल आणि वर्ग हातातून जाईल.

सावध: पाच ओळींतल्या प्रत्येक ओळीला एकेक पुस्तक असा हिशोब लावू नका. कोळी मुलासाठी कोळ्यांची एक गोष्ट, मुसलमान मुलीसाठी ईदची एक, असं केलं की पुस्तकांना मालक मिळतात आणि बाकीची मुलं ती उचलत नाहीत. पंधरातली निम्मी तरी पुस्तकं अशी असावीत की ज्यांत वेगळेपण नुसतं मागे दिसतं आणि गोष्ट भलत्याच कशाची तरी आहे: हरवलेली चप्पल, पहिला पाऊस, शेजारची मांजर.

## ४. आधी सांगून ठेवा

पालकांच्या तक्रारी जवळजवळ नेहमी एका पानाच्या फोटोवरून सुरू होतात. फोटो ग्रुपवर येतो, पुढचं-मागचं पान कोणी बघत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही धर्म शिकवताय की धर्म बुडवताय यावर चर्चा रंगते. त्यानंतर समजावणं कठीण. आधी सोपं.

मुख्याध्यापकांना यादी आणि दुसऱ्या पायरीचा कागद दाखवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत यादी ठेवा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पालकसभेत भाषण करू नका, सरळ एक पुस्तक वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतात. बऱ्याच आयांना लहानपणी कोणी पुस्तक वाचून दाखवलेलंच नसतं. त्या ऐकतात, हसतात, आणि पुढचे प्रश्न निम्म्यावर येतात. घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी येऊ शकत नाहीत. सकाळी मुलं सोडायला येतात तेव्हा फाटकाशी वाचलंत तरी चालतं.

## ५. जागा आणि तालीम

चित्र शेवटच्या मुलाला दिसायला हवं. पुस्तक ए-फोर आकाराचं असेल तर बाकं सरकवून मुलांना अर्धगोलात खाली बसवा. त्याहून लहान असेल तर वीस-वीसच्या दोन गटांत वाचा, किंवा वर्गातल्या टीव्हीवर पानं दाखवा.

खिडकीकडे पाठ करून बसू नका. मागून उजेड आला की तुमचा चेहरा काळा दिसतो, आणि कमी ऐकू येणारं मूल तर तुमच्या ओठांकडे बघूनच समजून घेत असतं. याच कारणासाठी पुस्तक तोंडासमोर धरायचं नाही, खांद्याशी धरायचं. कमी दिसणाऱ्या मुलाच्या हातात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत द्या. एका जागी बसवत नाही अशा मुलाला मागे उभं राहून ऐकू द्या; उभं राहिल्याने कान बंद होत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी नेमकं काय करावं हे कळत नसेल, तर वांद्रे रेक्लमेशनला त्याच कामाची 'अली यावर जंग' संस्था आहे. ब्रेल आणि स्पर्शाने वाचायच्या साहित्यासाठी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडला विचारा.

घरी दोनदा मोठ्याने वाचा. पान कुठे उलटायचं, कुठे थांबायचं, ते पेन्सिलीने खुणावून ठेवा. शाळा रुळांच्या कडेला असेल तर लोकल गेल्यावरच पुढचं वाक्य. हे गमतीने लिहीत नाही, गोष्टीचा कळीचा शब्द गाडीखाली गेला की पुढची पाच मिनिटं "काय म्हणाल्या बाई?" मध्ये जातात.

## ६. वाचन

पस्तीस मिनिटांच्या तासात बसायला पाच, वाचायला बारा, बोलायला दहा, आणि उरलेला वेळ मुलांना पुस्तकं हाताळायला. आठवड्यातून दोन तास. एकच पुस्तक पंधरवड्यात तीनदा वाचा. पहिल्या वेळी मुलं गोष्ट ऐकतात, दुसऱ्या वेळी चित्रं बघतात, आणि खरं बोलणं तिसऱ्या वेळेलाच सुरू होतं.

सुरुवातीला एवढंच म्हणा: "आज या मुलीची गोष्ट." "आज आपण अंध मुलीची गोष्ट वाचणार आहोत" म्हणालात की मुलं गोष्ट ऐकायची सोडून अंधत्व शोधत बसतात. पुस्तक वेगळं आहे ही बातमी तुम्ही द्यायची नाही.

सावध: पहिल्या वाचनात मुलांकडून वाचून घेऊ नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे, आणि पहिली-दुसरीत ती बहुतेकदा ओळखलेली नसते. ज्याला वाचता येत नाही त्याला गोष्ट मात्र पूर्ण कळू शकते. त्याच्याकडून ती हिरावून घेऊ नका.

## ७. वाचून झाल्यावरचं बोलणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून लिहितो.

तात्पर्य विचारायचं नाही. कधीच नाही. तात्पर्य विचारलं की मुलं बाईंना काय हवंय ते सांगतात, आणि त्यात ती पटाईत असतात. त्याऐवजी: "कोणत्या पानावर थांबावंसं वाटलं?" "तिने असं का केलं असेल?" "तुला कुठे पटलं नाही?" हे तीन पुरतात.

वर्गातल्या कोणत्याही मुलाला नमुना म्हणून उभं करायचं नाही. "आयेशा, तू सांग, तुमच्यात कसं असतं?" हा प्रश्न प्रेमानेच विचारला जातो. पण त्या क्षणी आयेशा तिसरीतली एक मुलगी राहत नाही, सगळ्या समाजाची प्रवक्ती होते. तिला स्वतःहून सांगायचं असेल तर ती हात वर करेल. नाही केला तर तेही उत्तरच आहे.

आता अवघड प्रसंग. समजा गोष्टीत वेसाव्याच्या कोळीवाड्यातली मुलगी आहे, आई पहाटे मासळीची पाटी घेऊन निघते. चित्रात बांबूंवर बोंबील वाळत घातलेत. पान उलटताच कोणीतरी नाक धरतं: "शीऽऽ, वास!" अर्धा वर्ग हसतो. आणि एक मूल, ज्याची आई खरंच पाटी घेऊन बसते, ते बाकाखालची पेन्सिल शोधायला लागतं.

नेहमीची प्रतिक्रिया असते ती "असं बोलू नये!" आणि लगेच पुढचं पान. हसू थांबतं, पण 'वास वाईट, फक्त बोलायचं नाही' एवढंच वर्गाला कळतं. त्या मुलालाही तेच कळतं.

दुसरी तऱ्हा अशी. थांबा, आवाज चढवू नका.

"मासळीला वास असतोच. तुझ्या बाबांच्या हाताला कसला येतो?"

"गॅरेजचा. ऑईलचा."

"माझ्या हाताला?"

"खडूचा!"

"आणि लसूण सोलल्यावर आईच्या?"

दोन मिनिटांत वर्गभर वास गोळा होतात: रंगाचा, फिनाइलचा, चामड्याचा, कोथिंबिरीचा. मग परत पानावर या: "आता बघा, हिची आई कुठे निघाली आहे?" मासळीवाल्या आईच्या मुलाकडे या सगळ्यात एकदाही बघायचं नाही. तो बोलला तर चांगलं. एखादा बोलतोही: बोंबील कसे अडकवायचे, कावळे कसे हाकलायचे. त्या दिवशी वर्गातला जाणकार तो असतो, आणि तो स्वतःहून झालेला असतो.

टोमणा मुद्दाम एका मुलाकडे बघून मारलेला असेल, तर मात्र गोष्ट बाजूला ठेवा. मारणाऱ्याशी तास संपल्यावर एकट्याने बोला, आणि दुसऱ्या मुलाला त्याच दिवशी, घरी जायच्या आत, भेटा. गोष्टीने सगळं सुटत नाही.

तपासा: दहा मिनिटांत किती वेगळी मुलं बोलली? नेहमीचीच पाच असतील, तर पुढच्या वेळी आधी शेजारच्याशी बोलायला सांगा, मग सगळ्यांसमोर. न बोलणाऱ्याला चित्रावर बोट ठेवून उत्तर देऊ द्या.

## ८. भाषेची गडबड

मूल उत्साहाने सांगतंय, "बाई, ती पानी आनायला गेलती..." आणि बाई म्हणतात, "पाणी. आणायला. गेली होती." मूल "पाणी" म्हणतं आणि खाली बसतं. गोष्ट तिथेच संपते. शुद्धलेखनाला वेगळा तास आहे. गोष्टीच्या तासात मूल जे बोलेल ते चालेल. तुम्ही उत्तर देताना "हो, पाणी आणायला गेली होती, मग?" असं म्हणालात तर प्रमाण रूप कानावर पडतंच.

दुसरी चूक ओळीओळीला हिंदी करून सांगण्याची. त्याने मराठीही कानात राहत नाही आणि हिंदीही. गोष्ट अखंड मराठीत वाचा, अवघड चार शब्द आधीच चित्रावरून दाखवा, आणि शेवटी एखाद्याला ती त्याच्या भाषेत सगळ्यांना सांगू द्या. स्टोरीवीव्हरवर तीच गोष्ट तेलुगू, उर्दू, गुजरातीत मिळाली तर दोन्ही प्रती शेजारी ठेवा.

महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, आणि एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं असणं नेहमीचं आहे. वरच्या मजल्यावर उर्दू माध्यम असेल तर तिथल्या शिक्षिकेला दहा मिनिटं बोलवा, तीच गोष्ट उर्दूतून वाचायला. पुस्तक उजवीकडून उघडलं की आधी सगळा वर्ग ओरडतो, "टीचर, उलटं धरलंय!" मग शांतता. मग कोणीतरी घरी अब्बूंचं असंच पुस्तक आहे म्हणून सांगतं, न विचारता.

## ९. जे पुस्तक मिळत नाही ते वर्गात करा

पाच ओळींतल्या दोन-तीन रिकाम्याच राहतील. नाक्यावर रोजंदारीच्या कामाची वाट बघणाऱ्या मजुराच्या मुलाची गोष्ट, वडारी बोलीतली गोष्ट, इमारत पाडल्यावर संक्रमण शिबिरात (ट्रान्झिट कॅम्प) राहायला गेलेल्या घराची गोष्ट शोधून मिळेलच असं नाही.

ए-फोरचे चार कागद एकत्र दुमडा, मध्ये दोन स्टेपल मारा: सोळा पानांची वही झाली. मूल सांगेल ते तुम्ही लिहायचं, त्याच्याच शब्दांत, पानाला एक वाक्य. चित्रं मुलांची. मुखपृष्ठावर त्याचं नाव. छापील पुस्तकं दोरीवर चिमट्यांनी लावलेली असतील, तर ही पुस्तकंही त्यांच्याच मधोमध लटकवा. वेगळ्या तक्त्यावर "मुलांचे उपक्रम" म्हणून लावलीत तर ती पाहुण्यांसाठी होतात.

सावध: विषय द्यायचाच तर छोटा द्या: "पाणी भरायची वेळ", "आमच्या गल्लीतला कुत्रा". "माझं कुटुंब" देऊ नका. ज्याचे वडील घरी नाहीत त्याला तिथे खोटं लिहावं लागतं.

## १०. कपाट उघडं, वही चालू

पुस्तकं मुलांच्या हाताच्या उंचीवर ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, ओल पकडते. घरी न्यायला द्या. दहा बाय दहाच्या खोलीत पुस्तकाला वेगळी जागा नसते, म्हणून सोबत प्लास्टिकची फाइल द्या. फाटलं तर दंड नाही. महिन्यातून एकदा चिकटपट्टी, कात्री घेऊन मुलांनीच दुरुस्ती करायची. न फाटलेलं, कोरं करकरीत पुस्तक दिसलं तर उलट मला शंका येते.

पहिल्या पायरीची वही बंद करू नका. कोणतं पुस्तक कोण पुन्हा पुन्हा उचलतं, कोणतं कोणीच उचलत नाही, मुलींच्या म्हणून ठरलेल्या पुस्तकांना मुलगे हात लावतात का, एवढं आठवड्याला दोन ओळींत लिहा. महिन्यानंतर न उचललेली तीन पुस्तकं काढा. फेकू नका, आधी ती एकदा वर्गात मोठ्याने वाचा. वाचल्यावर उचलली गेली तर अडचण मुखपृष्ठाची किंवा पातळीची होती. तरीही पडून राहिली तर शेजारच्या तुकडीशी अदलाबदल करा आणि त्या जागी मुलांनी केलेली दोन पुस्तकं लावा.